‘सीडी-फोर किती आला?’

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाकावर आम्ही जुनी माणसं ‘काय म्हणता?’ असं विचारत नाही. ‘सीडी-फोर किती आला?’ हीच आमची विचारपूस. सीडी-फोर म्हणजे रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा. २००७ साली माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा सीडी-फोर ४१० होता आणि तेवढ्यावर गोळी मिळत नसे. दर सहा महिन्यांनी सातपूरहून यायचं, रक्त द्यायचं, परत जायचं. २००९ मध्ये आकडा १४२ वर आला, मी अंथरुणाला खिळले, तेव्हा कुठे औषध सुरू झालं. २०१७ पासून ही वाट बघणं संपलं. रिपोर्ट आला की गोळी.

हिमोग्लोबिन कमी म्हणून मला तेव्हा स्टॅव्हुडिन हे औषध दिलं. जीव वाचला, पण गाल बसले, तळपायांना मुंग्या. जाऊबाई विचारायच्या, “जेवतेस ना नीट?” जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं ते त्याच २००९ च्या शेवटी! माझ्यापर्यंत ते पोचायला तीन वर्षं गेली.

मग एफाविरेन्झवाली रात्रीची एकच गोळी. गुण आला, पण स्वप्नं! गोदेला पूर, दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी आणि काठावर मी, हातात गोळ्यांची बाटली. २०२१ ला डोल्युटेग्रॅव्हिरवर बदलायचं ठरलं तर मीच अडून बसले. चाललंय ते कशाला मोडायचं? सिस्टरांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते, पाहिला, पित्ताचं औषध कुठलं घेता ते खोदून विचारलं. ते आणि ही गोळी एकत्र नको. गोळी त्याच्या आधी २ तास, नाहीतर नंतर ६ तास. गोळी बदलली आणि काही दिवसांत स्वप्नांतला पूर ओसरला.

खरा धक्का त्यापुढच्या खेपेला. “ताई, आता सीडी-फोर काढायचा नाही. व्हायरल लोड दाबलेला आहे, तेवढं बास.” मी भांडले. पैसे वाचवताय का, असंही बोलून गेले. समुपदेशक बाई हसल्या. “सीडी-फोर म्हणजे कोठीतलं धान्य, व्हायरल लोड म्हणजे उंदीर. उंदीरच नाहीत तर धान्य रोज कशाला मोजता?”

पटलं. तरी फाइलच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलेली ४१० पासूनची रांग मी अजून बघते. शेवटचा आकडा ६८४.

परवा शेजारी बसलेल्या पोराला सवयीने विचारलं, “सीडी-फोर किती रे?”

“बघितला नाही मावशी. गोळी तर रिपोर्टच्या तिसऱ्या दिवशीच चालू झाली.”