कंट्रोलची लॅब, आणि मोटरच्या चकतीवर ठेवलेलं बोट

एक छोटी डीसी मोटर, शाफ्टवर घट्ट बसवलेली धातूची चकती, मागच्या बाजूला शाफ्टचा कोन मोजणारा एन्कोडर आणि मोटरला वीज पुरवणारा, करंटवर मर्यादा घातलेला एक ड्रायव्हर. कंट्रोलची, म्हणजे मोटर किंवा टाकीसारखी सिस्टिम आपोआप हव्या त्या स्थितीत कशी ठेवायची हे शिकवणारी, लॅब नव्याने उभी करायची असेल तर मी सगळ्यात आधी हेच मागेन. इन्व्हर्टेड पेंडुलम, म्हणजे उभा तोलून धरायचा दांडा, नंतर. पेंडुलम दिसायला भारी असतो त्यामुळे सगळ्यांना तोच आधी हवा असतो, पण शिकवायची सुरुवात मोटरपासूनच व्हावी असं माझं ठाम मत आहे.

कारण चकतीला हात लावता येतो. पोझिशन कंट्रोल चालू करायचा, फक्त पी ठेवायचा, म्हणजे एरर (हवी ती जागा आणि खरी जागा यांतला फरक) जेवढी, त्या प्रमाणात जोर, आणि पोरांना सांगायचं की चकती बोटांनी हळूच फिरवा. स्प्रिंगसारखी लागते, जेवढी जास्त फिरवाल तेवढ्या जोरात मागे ओढते. मग गेन, म्हणजे त्या प्रमाणाचा आकडा, दुप्पट करायचा, स्प्रिंग कडक झालेली बोटांना लगेच कळते. त्यात डी, म्हणजे वेगाला विरोध करणारा भाग, घातला की घट्ट तेलात काहीतरी फिरवतोय असं वाटतं, आणि आय, म्हणजे एरर साठवत जाणारा भाग, घातला की खरी मजा, चकती थोडी फिरवून तशीच धरून नुसती थांबलात तरी तिचा जोर वाढत जातो, वाढत जातो, आणि सोडली की ती जागेवर न थांबता पार पलीकडे जाते. इंटिग्रेटर विंडअप म्हणजे हेच! मी हे फळ्यावर कितीतरी वेळा समजावलंय, पण चेहऱ्यावर "अच्छा, हे असं होय" उमटलेलं पाहिलं ते बोट चकतीवर असतानाच.

मग येतं घर्षण. पुस्तकातल्या ट्रान्सफर फंक्शनला, म्हणजे मोटरच्या गणिती मॉडेलला, थोडं व्होल्टेज दिलं की मोटर थोडी फिरते. खरी मोटर मुळीच हलत नाही. आमच्या एका सेटवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास जाईपर्यंत काहीच होत नसे. मग शून्य एरर हवी म्हणून आय वाढवला की मोटर थोडा वेळ गप्प बसते, आत इंटिग्रल साठत राहतं, मग एकदम झटका मारून टार्गेटच्या पुढे जाते, पुन्हा गप्प, पुन्हा उलटा झटका, आणि हे तासभर चालू ठेवलं तरी थांबत नाही. सिम्युलेशन करताना घर्षण मुद्दाम घातलं नाही तर हे कधी दिसतच नाही. पोरं येऊन म्हणतात सर सेट खराब आहे. सेट खराब नसतो, उलट तो अगदी चांगलं शिकवत असतो.

एन्कोडरचं गणित तर प्रत्येकाने एकदा कागदावर करावंच. ५१२ रेघांचा एन्कोडर, क्वाड्रेचरमुळे (दोन सिग्नलांची प्रत्येक चढ-उतार मोजल्यामुळे) चौपट म्हणजे फेरीला २०४८ काउंट, एक काउंट साधारण ०.१७६ अंशांचा. ऐकायला किती बारीक वाटतं ना? पण दर मिलिसेकंदाला सॅम्पल घेऊन दोन रीडिंगची नुसती वजाबाकी करून वेग काढलात तर एका काउंटचा फरक म्हणजे सेकंदाला १७६ अंश, म्हणजे २९ आरपीएमची उडी. तेच डी मध्ये गेलं की मोटर किरकिर करायला लागते. फिल्टर लावला की किरकिर जाते पण तो फेज मार्जिन, म्हणजे सिस्टिम अस्थिर होण्याआधीची राखीव जागा, थोडं खातो, आणि ही देवाणघेवाण कानांनी ऐकलेली असली की बोडे प्लॉटकडे (फ्रिक्वेन्सीनुसार सिस्टिमचा प्रतिसाद दाखवणाऱ्या ग्राफकडे) बघायची नजर बदलते.

आता पेंडुलम. ३० सेंटिमीटरचा सरळ दांडा उभा ठेवून फक्त १ अंश कलता सोडला तर अर्ध्या सेकंदाच्या आत तो १० अंशांपर्यंत जातो. तेवढ्या वेळात कंट्रोलरला मोजायचंय, ठरवायचंय आणि मोटरला खरंच हलवायचंय. तळहातावर लांब काठी तोलता येते पण पेन्सिल तोलता येत नाही, त्याचं कारण हेच, दांडा जितका आखूड तितका तो लवकर पडतो. रुळावर पुढे-मागे पळणाऱ्या गाडीवरच्या पेंडुलमला रूळ संपण्याची अडचण असते, गोल फिरणाऱ्या आडव्या हाताच्या टोकाला दांडा लावला की ती जाते, आणि असा सेट १९९२ मध्ये जपानच्या कात्सुहिसा फुरुता यांनी मांडला म्हणून त्याला फुरुता पेंडुलम म्हणतात.

पाण्याच्या टाक्या दिसायला साध्या पण मला त्या फार आवडतात. पातळी चौपट झाली तरी बाहेर जाणारं पाणी दुप्पटच होतं, म्हणून एका पातळीला ट्यून केलेला कंट्रोलर दुसऱ्या पातळीला तसाच चालत नाही. पंप पाणी ओततो, परत खेचू शकत नाही, हेही मॉडेल विसरतं. कार्ल हेन्रिक योहान्सन यांचा २००० सालचा चार टाक्यांचा सेट तर कमाल आहे, दोन पंप, चार टाक्या, आणि नुसते व्हॉल्व्ह फिरवले की सिस्टिमचा एक झिरो (ट्रान्सफर फंक्शन जिथे शून्य होतं तो बिंदू) आलेखाच्या डाव्या अर्ध्या भागातून उजव्या अर्ध्या भागात जातो, म्हणजे तोच सेट एका क्षणात कंट्रोल करायला अवघड होऊन बसतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती म्हणजे बंद डबा. बटण दाबा, ग्राफ येईल, तो जर्नलमध्ये चिकटवा. अशा सेटवर प्रॅक्टिकल होतं पण शिकणं होत नाही. सॅम्पलिंग टाइम बदलता आला पाहिजे, कंट्रोलरचा कोड उघडता आला पाहिजे, कच्चं रीडिंग बाहेर काढता आलं पाहिजे. त्यासाठी सेट मोठा असावा लागत नाही. आर्डुइनोवर बसणारी दोन हीटर आणि दोन टेंपरेचर सेन्सरची छोटी टीसीलॅब बघा, पोरं ती घरी नेऊ शकतात. तापमान हळू बदलतं, त्यामुळे प्रत्येक स्टेपला, म्हणजे हीटर एकदम कमी-जास्त केल्यावर, काही मिनिटं वाट बघावी लागते आणि त्या वेळात पोरं आपसात बोलतात की आता वक्र कुठे वळेल. शिवाय एका हीटरची उष्णता शेजारच्या सेन्सरपर्यंत पोचते, म्हणजे एकमेकांवर परिणाम करणाऱ्या अनेक गोष्टी एकत्र सांभाळायचा मल्टिव्हेरिएबल कंट्रोलही त्यातच आला.

रिसर्च करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं. नवा कंट्रोलर सेटवर चालवलात ना, मग आउटपुटच्या सुंदर ग्राफबरोबर मोटरला दिलेल्या व्होल्टेजचा ग्राफही दाखवा. कुणी प्रयोग घेऊन आलं की मी आधी तोच बघतो. व्होल्टेज सारखं वर-खाली दोन्ही टोकांना आदळत असेल तर त्या मोटरचा गिअर किती दिवस टिकेल हा प्रश्न मी विचारणारच.