शिंगावर वीज

पोकेमॉन, म्हणजे चेंडूत पकडून लढवायच्या काल्पनिक प्राण्यांचा पसारा, आमच्या घरात मागच्या दारानं शिरला. जपानमध्ये आधी आला तो गेम, २७ फेब्रुवारी १९९६ला, गेम बॉय ह्या हातातल्या खेळयंत्रावर. त्यावरची ॲनिमे मालिका १ एप्रिल १९९७ला सुरू झाली. आमच्याकडे मात्र २००३च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदी बोलणारा ॲश, मालिकेचा नायक, आधी आला, मग वेफर्सच्या पाकिटातल्या टॅझो नावाच्या चकत्या आल्या, आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी एक गेम आहे हे कळायला मे महिन्याची एक अख्खी सुट्टी उजाडावी लागली. आत्तेभाऊ, म्हणजे आमचा दादा, तो गेम कॉम्प्युटरवर चालवायला फ्लॉपीत घेऊन आला. साधारण एक एमबीचा मामला, त्यामुळे अख्खं जग एका फ्लॉपीत मावलं होतं.

पहिला धक्का असा की ॲशचा तो विजेचा पोकेमॉन, पिकाचू, कुठेच नाही. टेबलावर तीन चेंडू, त्यांतून एक पोकेमॉन निवडायचा: बल्बसॉर, चारमँडर, स्क्वर्टल. मालिकेत ॲश उशिरा उठतो, तिन्ही गेलेले असतात, म्हणून पिकाचू त्याच्या गळ्यात पडतो. मी पहाटे उठून बसलो असल्यामुळे मला तिन्ही शिल्लक होते! दुसरा धक्का प्रोफेसर ओकचा. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि स्वतःच्या नातवाचं नाव मलाच विचारतो. मी अर्थातच वर्गातल्या एका मुलाचं नाव टाकलं.

मी चारमँडर घेतला. मालिकेत त्याचा मालक त्याला दगडावर बसवून निघून जातो आणि हा पावसात शेपटीची ज्योत सांभाळत त्याची वाट पाहतो. तो भाग पाहून मी जेवलो नव्हतो. अशा पोराला टेबलावर कसं सोडणार? पुढे विरिडियनच्या जंगलात पिकाचू मिळतो असं दादानं सांगितलं, पण शंभरात पाच वेळा. दोन दुपारी गवतात चकरा मारल्या. सुरवंट निघाले, कोष निघाले, परत सुरवंट. शेवटी एकदाचा पिकाचू निघाला तेव्हा आई झोपेतून उठून बघायला आली, काय पडलं म्हणून.

आणि मग ब्रॉक, बिल्ला मिळवायला हरवावा लागणारा पहिला गडी.

मालिकेत ब्रॉकच्या ऑनिक्सला पिकाचूनं जेरीस आणलं होतं. लढाईत आग लागते, छतावरचे पाण्याचे फवारे सुरू होतात, दगडी ऑनिक्स भिजतो आणि वीज लागू पडते. म्हणजे मला सगळं पाठ होतं. मी पिकाचू पुढे केला, थंडरशॉक दाबलं. पडद्यावर एक ओळ आली: काहीही परिणाम झाला नाही. परत दाबलं. परत तीच ओळ.

"अरे गाढवा, तो जमिनीचा आहे. जमिनीला वीज लागत नाही," दादा म्हणाला.

"पण टीव्हीत..."

"टीव्हीत पाणी होतं. इथे कुठून आणणार? स्क्वर्टल घ्यायचा होतास."

तेव्हापासून माझं मत बनलं आहे ते आजही तसंच आहे. गेम म्हणजे शाळा आणि मालिका म्हणजे गल्लीतलं क्रिकेट. गेममध्ये नियम म्हणजे नियम. गल्लीत मात्र एक टप्पा आऊट आहे की नाही हे बॅट कोणाची आहे त्यावर ठरतं. मालिकेत ज्वालामुखीच्या बेटावर अशाच एका बिल्लेवाल्याचा, ब्लेनचा, ऱ्हायडॉन येतो. तोही जमिनीचाच. वीज लागत नाही म्हटल्यावर ॲश ओरडतो, शिंगावर मार! शिंगावर मारली, ऱ्हायडॉन आडवा. गच्चीवरच्या लोखंडी सळईसारखं शिंगानं वीज ओढून घेतली म्हणे. गेमच्या कुठल्याही तक्त्यात हे बसत नाही, आणि तरी त्या रात्री आम्ही चार भावंडं गादीवर उड्या मारत होतो.

ॲशचे बिल्ले मोजले तर आणखीच गंमत. ॲश जिंकलेला नसताना ब्रॉकनं दिला. त्याच्या मैत्रिणीच्या, मिस्टीच्या, बहिणींनी दिला. एरिकानं आगीत मदत केली म्हणून दिला. सब्रिनाचा मिळाला तो तिला एका भुतानं हसवलं म्हणून. गेममध्ये ह्यातला एकही कोणी असा दिला नसता. उलट, गेममधला मुका पोरगा आठवड्याभरात चॅम्पियन होतो, आणि इतका बोलणारा ॲश पहिल्या लीग स्पर्धेत पहिल्या सोळातच अडकतो. त्याचा चारिझार्ड ऐन लढाईत लढायलाच नकार देतो. त्याला जगज्जेता व्हायला २०२२ साल उजाडलं. तोवर आमच्यातल्या दोघांची लग्नं झाली होती आणि तो अजून दहाच वर्षांचा होता.

पण एका ठिकाणी मालिका माझ्यावर उधारी ठेवून गेली आहे. बटरफ्री. गेममध्ये सुरवंट सातव्या लेव्हलला कोष होतो, दहाव्याला फुलपाखरू. नंतर तो कमी पडायला लागतो, मग आपण त्याला खोक्यात टाकतो, जागा हवी असेल तर सोडून देतो. मशीन विचारतं: एकदा सोडला की कायमचा गेला, चालेल? हो म्हटलं की 'बाय' म्हणून मोकळं. मी असे कितीतरी सोडले. मालिकेत ॲश एकाच बटरफ्रीला त्याच्या जोडीदारिणीबरोबर सोडतो आणि समुद्राकाठी धावत राहतो. ते पाहिलेलं असूनही मी 'हो' दाबत होतो, ह्याची आता थोडी लाज वाटते. थोडीच. जागा खरंच हवी होती.

गेमचीही बाजू आहे. तो जाणूनबुजून अर्धा ठेवलेला आहे. काही पोकेमॉन फक्त एका आवृत्तीत, काही दुसरीत. कडाब्रा ह्या पोकेमॉनचा पुढचा अवतार, अलाकझाम, व्हायला तो दुसऱ्याला द्यावा लागतो, दोन गेम बॉय जोडणाऱ्या केबलनं. हा गेम रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे, आणि केबलमधून किडे इकडून तिकडे जाताहेत असं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पडद्यावर पोरगा एकटा चालतो, कारण मित्र केबलच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असणार. मालिकेला केबल कुठली? तिनं मित्र रस्त्यावरच आणून ठेवले, मिस्टी आणि ब्रॉक. आमच्याकडे कॉम्प्युटर एक, केबल शून्य. माझा कडाब्रा चमचा धरून म्हातारा झाला.

पुढे गेमच मालिकेकडे शिकायला आला. १९९८च्या यलो आवृत्तीत पिकाचू पहिल्यापासून मिळतो, चेंडूत बसत नाही, मागून चालतो, त्याचा पुढचा अवतार, रायचू, व्हायला साफ नकार देतो. मालिकेतले खलनायक जेसी, जेम्सही येतात. ती आवृत्ती मी गेल्या वर्षी खेळलो, भाचीला शेजारी बसवून. ब्रॉकशी लढाईत ऑनिक्स आला. राखाडी ठिपक्यांचा, डोक्यावर स्पष्ट शिंग.

"मामा, शिंगावर मार," ती म्हणाली.

मी थंडरशॉक दाबलं. काहीही परिणाम झाला नाही. हरलो, अर्धे पैसे गेले. पोकेमॉन सेंटरच्या दाराशी मागे वळून पिकाचूसमोर ए बटण दाबलं, तर तो तोंड फुगवून उभा.