एनडीआयएसमध्ये स्वतंत्र सपोर्ट कोऑर्डिनेटर शोधताना आलेला अनुभव

एनडीआयएस म्हणजे ऑस्ट्रेलियात अपंगत्व असलेल्यांना सेवांसाठी पैसे देणारी सरकारी योजना. तिचा प्लॅन, म्हणजे कुठल्या सेवेला किती पैसे ते सांगणारा कागद, मिळाल्यावर सपोर्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या पैशांतून सेवा शोधून जुळवून देणारी व्यक्ती, कशी निवडायची हे ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. अर्जाचं पुराण वेगळं आहे, त्यात शिरत नाही, फक्त एवढंच की अर्ज करताना वय ६५ च्या आत पाहिजे आणि स्टुडंट किंवा वर्क व्हिसावर असाल तर मिळत नाही.

माझ्या नवऱ्याला स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, म्हणजे अफेझिया. त्यातही इंग्लिश जवळजवळ सगळंच पुसलं गेलं आणि मराठी तुटक तुटक राहिलं. मेलबर्नमध्ये आमचं जवळचं कुणी नाही, माझी नोकरी चालू, मुलगी शाळेत. प्लॅन आला तेव्हा आकडे बघून बरं वाटलं पण नुसत्या आकड्यांनी कुणी सकाळी आंघोळ घालायला येत नाही ना. प्लॅनमध्ये कोअर (रोजची मदत), कॅपॅसिटी बिल्डिंग (थेरपी वगैरे) आणि कॅपिटल (साधनं, घरातले बदल) असे भाग असतात, त्यातल्या कॅपॅसिटी बिल्डिंगमध्ये सपोर्ट कोऑर्डिनेशनचे वेगळे पैसे होते. हे सगळ्यांना मिळत नाहीत, आणि मिळाले तर त्यातून थेरपी वगैरे दुसरं काही घेता येत नाही. तीन लेव्हल असतात, आमची दुसरी होती, तिचा सरकारी कमाल रेट तेव्हा ताशी १००.१४ डॉलर होता. फोन, ईमेल, मीटिंग सगळं त्याच मीटरवर चालतं हे लक्षात ठेवा.

पहिली कोऑर्डिनेटर हॉस्पिटलमधून घरी येतानाच मिळाली, एका मोठ्या कंपनीची. मुलगी स्वभावाने चांगली होती, फोन उचलायची, तक्रार तिच्याबद्दल नाहीच. पण तिची कंपनी सपोर्ट वर्करही पुरवायची, थेरपिस्टही त्यांचेच, ग्रुप प्रोग्रामही त्यांचाच. त्यामुळे जे काही मागितलं त्याचं उत्तर त्याच छताखाली निघायचं. स्पीच थेरपिस्ट त्यांचीच, व्हिडिओवर आणि फक्त इंग्लिशमध्ये, आता ज्या माणसाचं इंग्लिशच गेलंय त्याला इंग्लिश चित्रं दाखवून काय होणार. दुसरी बघ ना म्हटलं की सगळीकडे वेटिंग आहे हेच ऐकू यायचं. सकाळच्या शिफ्टला दर थोड्या दिवसांनी नवीन वर्कर, त्याची तक्रार केली की ती जायची त्याच कंपनीच्या रोस्टरवाल्याकडे, म्हणजे कोऑर्डिनेटरने भांडायचं कुणाशी, तर शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याशी.

डोळे उघडले ते बिलांमुळे. नवरा छातीच्या इन्फेक्शनने पुन्हा ॲडमिट झाला, त्या काळातल्या शिफ्ट आम्ही रद्द केल्या, तरी सगळ्याचे पूर्ण पैसे लावले. नियम असा आहे की सपोर्ट वर्करची शिफ्ट ७ दिवसांच्या आत रद्द केली तर प्रोव्हायडर, म्हणजे सेवा देणारी कंपनी, पैसे लावू शकतो, पण त्या वेळात त्या वर्करला दुसरं बिल होणारं काम देता आलं नाही तरच. हे दुसरं वाक्य मला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, सांगणाऱ्याचा पगार त्याच बिलातून येतो.

एकाच कंपनीने कोऑर्डिनेशन आणि बाकी सेवा दोन्ही देणं आमच्या वेळी नियमात बसत होतं, फक्त हितसंबंध उघड सांगायला हवेत आणि निवड तुमचीच असायला हवी. आमच्या फाइलमध्ये तसा कागद होता, माझी सही पण होती. डिस्चार्जच्या गडबडीत कोण कशावर सही करतो काय विचारू नका.

मग बदलायचं ठरवलं. हे वाटतं तेवढं अवघड नाही. सर्व्हिस ॲग्रीमेंटमध्ये नोटीस पिरियड लिहिलेला असतो, तेवढ्या आधी ईमेल करायचा, कारण द्यायची गरज नाही. त्याआधी प्लॅन मॅनेजरकडून, म्हणजे प्लॅनमधून बिलं भरणाऱ्याकडून, कोऑर्डिनेशनचे किती पैसे उरलेत ते लेखी मागवून घ्या, नवीन कोऑर्डिनेटर पहिल्याच फोनवर ते विचारते. आमचा प्लॅन प्लॅन-मॅनेज्ड होता, म्हणजे बिलं हा मॅनेजर भरायचा, म्हणून सरकारकडे रजिस्टर्ड नसलेले कोऑर्डिनेटरही चालत होते, एजन्सी-मॅनेज्ड असेल, म्हणजे बिलं योजना चालवणारी सरकारी एजन्सी एनडीआयए स्वतः भरत असेल, तर फक्त रजिस्टर्डच.

शोधताना मी सगळ्यांना तेच प्रश्न विचारले. तुमची कंपनी किंवा तुमच्या मालकाची दुसरी कुठली कंपनी आणखी काय विकते? कुणाकडे पाठवल्याबद्दल काही मिळतं का? एका वेळी किती जणांचं बघता? सुट्टीवर गेलात तर कोण? एका गृहस्थांना राग आला, तिथेच विषय संपला. एका ठिकाणी वेबसाइटवर मोठ्या अक्षरात इंडिपेंडंट लिहिलेलं आणि विचारल्यावर कळलं की मालकांची दुसरी कंपनी ग्रुप होम, म्हणजे अपंग लोक एकत्र राहतात ती घरं, चालवते. तेव्हा त्या शब्दावर जाऊ नका, प्रश्न विचारा.

शेवटी ज्या बाई मिळाल्या त्या फक्त कोऑर्डिनेशनच करतात. पहिल्या भेटीत त्या माझ्यासमोर नाही, नवऱ्यासमोर बसल्या. हो-नाहीची कार्डं काढली आणि थांबल्या, खरंच थांबल्या, मी मध्ये बोलायला गेले तर मलाच गप्प केलं. त्याला काय हवं होतं? एकट्याने स्टेशनपर्यंत चालत जायचं होतं. मला माहीतच नव्हतं. मग फिजिओचं सगळं त्याभोवती लागलं.

स्पीच थेरपीसाठी त्यांनी तीन नावं दिली, प्रत्येकापुढे वेटिंग किती, रेट काय, घरी येतात का, आणि समोर बसणारा मराठी इंटरप्रिटर घेऊन काम करायला तयार आहेत का. फोनवरचा इंटरप्रिटर अफेझियात फारसा कामाचा नाही, हावभाव दिसत नाहीत. तिघींपैकी एकच तयार होती, तीच घेतली. रद्द शिफ्टच्या बिलांवर त्यांनी कंपनीला एकच ओळ लिहिली, त्या वेळात वर्करला दुसरं काम दिलं होतं का ते कळवा. थोड्या दिवसांत बरीचशी बिलं मागे घेतली गेली.

काही गोष्टी त्या करत नाहीत. गाडीने नेणं-आणणं नाही, औषधं-डॉक्टर हा हेल्थ सिस्टिमचा विषय, सेंटरलिंकचे (सरकारी भत्ते देणारं ऑफिस) फॉर्म नाहीत. प्लॅनमध्ये किती पैसे द्यायचे हे एनडीआयए ठरवते, कोऑर्डिनेटर नाही. निर्णय पटला नाही तर ३ महिन्यांच्या आत इंटर्नल रिव्ह्यू मागायचा, म्हणजे एनडीआयएनेच निर्णय पुन्हा तपासायचा, त्यानंतर ट्रिब्युनल, म्हणजे अपील ऐकणारी स्वतंत्र संस्था, आणि तिथे सोबत लागली तर ॲडव्होकसी, म्हणजे बाजू मांडायला मदत करणाऱ्या, संस्था वेगळ्या असतात, त्या फुकट मदत करतात. २०२३ च्या एनडीआयएस रिव्ह्यूने, म्हणजे सगळ्या योजनेच्या आढाव्याने, कोऑर्डिनेटरच्या जागी नॅव्हिगेटर आणा असं सुचवलं होतं त्यामुळे पुढे हे सगळं बदलूही शकतं.

स्वतंत्र असण्याचा तोटाही आहे. बाई एकट्या, आजारी पडल्या की आमचं काम थांबतं, मोठ्या कंपनीत निदान दुसरं कोणी फोन उचलतं. आणि नवीन प्लॅनमध्ये आमचे कोऑर्डिनेशनचे तास कमी झाले, कारण घरच्यांना आता जमतंय असं एनडीआयएचं म्हणणं. थोडंफार खरंही आहे, रोस्टर आणि छोटे वाद मीच बघते, बाईंचे तास मोठ्या कामांना ठेवते. सध्याचं मोठं काम म्हणजे बाथरूम त्याला वापरता येईल असं करून घेणं. ओटीचा (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) रिपोर्ट गेलाय, कोटेशन आलीत, मंजुरी बाकी आहे, तोपर्यंत आंघोळ खुर्चीवरच.