उजेड, हवा आणि डेस्कची उंची : टोकियोतली सरकारी शाळा

टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाई स्टेशनच्या आसपास भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. इथली बरीच भारतीय मुलं इंग्रजी माध्यमाच्या भारतीय शाळांत जातात. आम्ही लेकीला घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत घातलं. "सरकारी? आणि तीही जपानी?" सांगलीहून आई फोनवर काळजीने विचारत होती. तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिलीत पाऊल टाकताच पाठ्यपुस्तकांचा संच हातात पडला, एक येनही न देता. 1963 पासून टप्प्याटप्प्याने ही सोय सुरू झाली आणि 1969 पर्यंत नववीपर्यंतच्या सगळ्या इयत्तांना लागू झाली. सरकारी शाळेत परदेशी मुलांनाही ती मिळते. पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं की उद्याचा जपान तुम्ही सांभाळणार या आशेने हे पुस्तक करांच्या पैशातून दिलं आहे, जपून वापरा. सहा वर्षांच्या मुलाला पैसा कुठून आला हे इतकं सरळ सांगावं, हे मला फार आवडलं.

बाकीचं सामान मात्र आपण घ्यायचं. गणिताच्या पेटीतल्या चकत्या आणि काड्या, फुंकून वाजवायची पेटी, रंग, शिवणाचं साहित्य. त्यातल्या प्रत्येक चकतीवर मुलाचं नाव चिकटवायचं. हा खर्च काही घरांना जड जातो. वर्षाकाठी थोडेच दिवस लागणारं साहित्य शाळेनेच घेऊन सगळ्यांना वापरायला द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते वर्गखोलीने. इथे प्रत्येक शाळेला डॉक्टर आणि दंतवैद्याबरोबर एक फार्मासिस्टही नेमलेला असतो. औषधं देणं हे त्याचं काम नाही. तो पिण्याचं पाणी तपासतो, पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासतो, वर्गातली हवा आणि उजेड यंत्राने मोजतो. नियम आकड्यांत लिहिलेले आहेत. वर्गात आणि फळ्यावर किमान 300 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, शक्यतो 500 हून जास्त. कार्बन डायऑक्साइड 1500 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 1500 भागांच्या आत असावा. तापमान 18 ते 28 अंश. जुन्या इमारतींतही खिडक्या बहुधा दक्षिणेला आणि फळा पश्चिमेला असतो, म्हणजे उजेड डावीकडून येतो आणि लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली वहीवर पडत नाही.

तापमानाची कथा दुःखद आहे. 2018 च्या जुलैत तोयोता शहरात पहिलीतला एक मुलगा शाळेच्या सहलीहून परतल्यावर उष्माघाताने गेला. त्याच्या वर्गात एसी नव्हता. त्यानंतर केंद्र सरकारने खास पैसा काढला आणि 2020 च्या सप्टेंबरपर्यंत देशातल्या सरकारी प्राथमिक-माध्यमिक शाळांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त नेहमीच्या वर्गांत एसी बसले. इतकं करता येत होतं, तर ते आधीच का झालं नाही, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

डेस्कचंही माप नेमून दिलेलं आहे. मुलाच्या उंचीप्रमाणे डेस्क-खुर्चीचे क्रमांक ठरलेले असतात आणि मूल वाढलं की डेस्क-खुर्ची बदलून किंवा वर करून देतात. पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. पण 2019 च्या अखेरीस जाहीर झालेल्या सरकारी योजनेतून, कोविडमुळे घाईघाईने, प्रत्येक मुलाला टॅब्लेट किंवा लॅपटॉप मिळाला आणि डेस्क अपुरं पडू लागलं. जुन्या मापाचं डेस्क 60 बाय 40 सेंटिमीटर. त्यावर पुस्तक, वही आणि टॅब्लेट मांडले की पेन्सिलीची पेटी खाली पडते. जपानच्या 1999 च्या मानकात 65 बाय 45 चं माप आलं, तरी कित्येक शाळांत जुनीच डेस्कं आहेत. नवं साधन देताना ते ठेवायचं कुठे, हे आधी बघायला हवं होतं.

वर्गातली मुलं कमी करण्यावरही काम झालं. कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर दुसरीपासून पुढे एका वर्गातल्या मुलांची मर्यादा चाळीसवरून दर वर्षी एकेका इयत्तेने पस्तीसवर आणली आणि 2025 मध्ये सहावीपर्यंत पोहोचली. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, कागदावर याहून कडक. पण माझी वहिनी तासगावकडे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पट लहान, म्हणून दोन शिक्षक आणि चार इयत्ता. एका खोलीत ती पहिली आणि दुसरी एकत्र सांभाळते.

तिला मी लक्सचं सांगितलं, तर तिने मोबाइलमध्ये अ‍ॅप घेऊन खोली मोजली. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, तरी फरक कळतो. खिडकीपाशी भरपूर उजेड, मागच्या कोपऱ्यात शंभराच्याही आत, आणि नेमकी तिथेच पहिलीची मुलं बसतात. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. येत्या सभेत ती त्यांच्यापुढे हे आकडे ठेवणार आहे आणि तीन गोष्टी मागणार आहे : मागच्या बाजूला दोन ट्यूबलाइट, भिंतींना पांढरा रंग, आणि मार्च उजाडण्याआधी छपराच्या पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा लेप.