पत्ता सापडल्यानंतर

सोमवार, रात्र. दिवसभर पावसाची पिरपिर.

रूट सर्च, म्हणजे दत्तक गेलेल्या मुलानं जन्मदात्यांचा घेतलेला शोध, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकदम शेवटचा प्रसंग येतो. दार उघडतं, आई दिसते, दोघं रडतात. त्याआधीच्या कामाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. जन्मदातीचा पत्ता काढणं हे अर्धं काम. ती आज ज्या घरात नांदते आहे त्या घराला सुगावा न लागू देता तिच्यापर्यंत निरोप पोचवणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच जड.

सुरुवात कागदापासून. दत्तक मुलाच्या जन्मदाखल्यावर दत्तक आईवडिलांची नावं असतात, म्हणून महापालिकेच्या खिडकीवर तो दाखला घेऊन जाण्यात काही अर्थ नसतो. पहिला प्रश्न असा की दत्तक नेमकं कुठल्या वाटेनं झालं. संस्थेमार्फत झालं असेल तर संस्थेकडे फाइल असते: मुलाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणी, सरेंडरचा (मूल संस्थेच्या स्वाधीन केल्याचा) कागद, दत्तकाच्या आदेशाची प्रत. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली नात्यागोत्यात थेट दत्तक गेलं असेल आणि दत्तकपत्राची नोंदणी झालेली असेल, तर त्यावर देणारा आणि घेणारा अशा दोघांच्या सह्या असतात. दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढली की जन्मदात्यांचं नाव समोर येतं, पुढचं काहीच शोधावं लागत नाही. मात्र संस्थेनं कोर्टाच्या परवानगीनं मूल दिलं असेल तर ‘देणारा’ म्हणून संस्थेचंच नाव दिसतं. लोक तिथे अडतात आणि फाइल खोटी आहे असं धरून बसतात. खोटी नसते. पालक या नात्यानं सही संस्थेची, एवढंच.

तिसरी वाट सगळ्यात वाईट. नर्सिंग होममध्ये बाळ जन्मलं आणि नोंदच थेट घेणाऱ्यांच्या नावानं झाली. तिथे फाइल नाही, बाल कल्याण समिती नाही, आदेश नाही. दत्तक आईवडील हयात असतील तर त्यांच्या तोंडूनच काय कळेल ते, नाहीतर डीएनए.

अर्ज कुणी करायचा हे दत्तक नियमावलीत स्पष्ट आहे (सध्याची २०२२ ची). १८ वर्षं पूर्ण झालेलं दत्तक मूल स्वतः अर्ज करू शकतं. त्याहून लहान असेल तर दत्तक आईवडिलांसोबत. अर्ज संस्थेकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, राज्याच्या दत्तक यंत्रणेकडे किंवा दिल्लीच्या ‘कारा’कडे (केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे) जातो. परदेशी वाढलेल्यांना तिकडची मान्यताप्राप्त संस्था किंवा आपला दूतावास हा रस्ता असतो. तिऱ्हाइताला शोध घ्यायची परवानगी नाही. म्हणजे खासगी डिटेक्टिव्ह नेमून, त्याच्या हाती मुखत्यारपत्र देऊन कार्यालयातून फाइल मिळवायची हे जमणार नाही. आणि नियमातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: मुलाच्या हक्कानं जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये. आरटीआयचाही उपयोग नाही, कारण व्यक्तिगत माहिती त्यातून वगळलेली आहे. तरी लोक पहिला अर्ज तिथेच टाकतात आणि नकार आला की चिडतात.

मंगळवार

जिल्ह्याचा घोळ लिहून ठेवायला हवा, कारण आपल्याकडे, ठाणे-नवी मुंबईत, तो हमखास होतो. ‘नवी मुंबई’ असा पत्ता असेल तर जिल्हा कुठला? ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, म्हणजे मुख्यालय अलिबाग. अर्ज चुकीच्या जिल्ह्यात गेला की तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. जुन्या फायलीत तर ‘जिल्हा कुलाबा’ असतं. १९८१ पासून त्याचं नाव रायगड. ‘तालुका जव्हार, जिल्हा ठाणे’ लिहिलेलं गाव १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची. त्याआधीच्या जन्मनोंदी त्या वेळच्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधायच्या.

कायदा बदलला तशी कार्यालयांची नावंही बदलली. १९८६ च्या बाल न्याय कायद्याखाली ‘बाल कल्याण मंडळ’ होतं, २००० पासून ‘समिती’. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्टाचा. १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांचा. फायलीतल्या कागदावर कुठला शिक्का आहे त्यावरून दप्तर कुणाकडे मागायचं ते ठरतं.

दवाखान्याच्या केसपेपरची आशा धरू नये. डॉक्टरांवर ते ३ वर्षं जपून ठेवण्याचं बंधन आहे, ३० नाही. त्यात २६ जुलै २००५ च्या पुरात कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं. उरलं तर जन्माचं रजिस्टर उरतं. तेही संस्थेच्या दारातल्या पाळण्यात किंवा रस्त्यावर सापडलेल्या मुलाच्या बाबतीत कुचकामी, कारण त्याची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजानं ठरवलेली असते. त्या तारखेला धरून प्रसूतीच्या नोंदी चाळणं म्हणजे नुसती दमछाक. अशा मुलाला कुठून आणि कशा परिस्थितीत संस्थेत आणलं, दत्तकाची प्रक्रिया काय झाली, एवढंच कळू शकतं. ते आधीच सांगून टाकावं. आशा लावून मग काढून घेणं वाईट.

गुरुवार, दुपार

माणूस शोधणं. यात मराठी घरांची एक रीत आडवी येते आणि तिची कल्पना बाहेरच्याला नसते. लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून पहिलं नावही बदलतात. म्हणजे फायलीतलं पूर्ण नाव घेऊन मतदार यादी चाळली तर तिन्ही शब्द चुकीचे. शिवाय त्या वेळी दिलेलं नाव खरं असेलच असं नाही. कुमारी माता दुसऱ्या जिल्ह्यातून बाळंतपणाला आणली जायची, गळ्यात तेवढ्यापुरतं मंगळसूत्र, सोबत ‘मावशी’ म्हणवणारी कुणीतरी.

नाव बदलतं, बाप बदलत नाही. म्हणून वडिलांचं नाव आणि गाव धरायचं. वडील वारले असतील तर जमिनीवर वारसनोंद झालेली असते, आणि फेरफारात मुलींची नावं पुष्कळदा सासरच्या नावानिशी लागतात. सातबारा ऑनलाइन दिसतो, फेरफाराची नक्कल तलाठ्याकडे. बहिणीनं भावाला हक्कसोड पत्र करून दिलं असेल तर त्यात तिचा पत्ताही असतो. ज्यांच्या घरी जमीनच नव्हती, जे कामासाठी वागळे इस्टेटला किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आले, त्यांच्या बाबतीत हे चालत नाही. फायलीतली चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिलेला असतो. मग शेजारी गेले कुठे ते विचारत जायचं.

हे काम संस्थेच्या किंवा कक्षाच्या कार्यकर्तीनंच करावं, आणि शक्यतो बाईनं. मुलानं स्वतः गावात जाऊन पारावर फोटो दाखवणं हा सर्वात मोठा घात. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं आणि ज्या बाईनं ३० वर्षं तोंड बंद ठेवलं तिचं ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. माहेरी विचारणंही जपून. ज्या भावानं तेव्हा तिला दवाखान्यात नेलं तोच बहुधा आज सगळ्यात जास्त घाबरलेला असतो.

डीएनएबद्दल लोकांच्या भलत्या अपेक्षा असतात. परदेशी कंपन्यांच्या साठ्यात आपल्या खेड्यांतली माणसं फार थोडी, त्यामुळे जुळतात ते लांबचे चुलत. आई-मूल निम्मं जुळतं, एकच आई किंवा एकच बाप असलेली सावत्र भावंडं साधारण पाव, सख्खी चुलत-मावस भावंडं साडेबारा टक्के. पण जातीतच लग्नं आणि त्यात मामाची मुलगी करायची चाल, यामुळे लांबचं नातं आकड्यात जवळचं दिसतं. ‘चुलत भाऊ सापडला’ म्हणून उडी मारू नये. डीएनएचा खरा उपयोग शेवटी, खात्रीसाठी. दोघांची लेखी संमती, गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना, आणि त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा.

त्याआधी फायलीशी ताडून पाहायचं. एकाच गावात एकाच नावाच्या तिघी असतात. बाळ कुठल्या महिन्यात, कुठल्या दवाखान्यात, सोबत कोण होतं, अंगावर खूण कुठे: यातलं काही तिनं न विचारता सांगितलं तर धरायचं. आपण आधी सांगून ‘बरोबर ना?’ विचारलं तर घाबरलेली बाई कशालाही हो म्हणते, किंवा कशालाही नाही.

शुक्रवार

निरोप. संस्थेच्या नावाचं पाकीट पाठवायचं नाही. पत्र पोरगा फोडतो, सून वाचते. फोन केला तर दुसऱ्या कुणी उचलल्यावर काही सांगायचं नाही, ‘पुन्हा करते’ एवढंच. ती स्वतः आली की पहिला प्रश्न: आत्ता बोलायला मोकळ्या आहात का? नसतील तर वेळ तिनं द्यायची. साधारण अकरा ते तीन या वेळात घर रिकामं असतं. दत्तक हा शब्द पहिल्या फोनवर नको, ‘तुमच्या एका जुन्या नोंदीबद्दल’ इतकं पुरे. जिला कळायचं तिला कळतं. ती फोन ठेवून देईल, ठेवू द्यावा. लगेच पुन्हा करू नये. काही दिवसांनी एकदाच करावा.

संमती लेखी घ्यायची. नाही म्हणाली तर तेही लेखी. मूल सोडावं लागलं त्याची कारणं आणि परिस्थिती अशा वेळीही मुलाला सांगता येते. आणि नकार देणाऱ्या बाईकडेही एक गोष्ट मागावी: आजारांची माहिती. साखर, हृदय, थॅलेसेमिया, आदिवासी पट्ट्यातली असेल तर सिकलसेल. तोंड न दाखवता एवढं द्यायला पुष्कळजणी तयार होतात.

शनिवार, उशिरा

भेट ठरली तर. परदेशातल्या मुलानं विमानाचं तिकीट आधी काढून मग अर्ज करायचा, ही उलटी रीत फार. दोन आठवड्यांची सुट्टी आणि फाइल निघायला लागणारे महिने यांचा मेळ बसत नाही.

जागा संस्थेची खोली किंवा समुपदेशकाचं ऑफिस. मॉल नको, ठाण्याची तलावपाळी नको, घर तर नकोच. ठाण्यात राहणारीला वाशी बरं आणि वाशीकरणीला ठाणं. ट्रान्स-हार्बर लोकलनं येता येतं आणि ओळखीचं कुणी भेटलं तर ‘बँकेत आले होते’ म्हणता येतं. पहिली भेट तासाभराची, फार तर दीड तास. तिच्या बाजूनं एखादं विश्वासाचं माणूस, मुलाच्या बाजूनं एक. दत्तक आईनं खोलीबाहेर थांबावं की आत यावं हे तिनं नव्हे, मुलानं ठरवावं, असं माझं मत आहे.

काय म्हणून हाक मारायची ते आधी बोलून घ्यावं. ‘आई’ ऐकायला सगळ्याच तयार असतात असं नाही. ‘मावशी’ नं सुरुवात केली तर दोघांनाही श्वास घ्यायला जागा राहते. ‘का सोडलंस?’ हा प्रश्न मराठीत कानाखाली बसतो. ‘तेव्हा काय झालं होतं?’ असं विचारावं. दुभाषा लागणार असेल तर तो नातेवाईक नको आणि टॅक्सीवालाही नको. ‘ठेवलं’ आणि ‘टाकलं’ यांतला फरक ज्याला कळतो असा हवा. साठ दिवसांचाही प्रश्न निघतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सरेंडरवर सही केल्यावर फेरविचाराला ६० दिवस आहेत, मग ती परत का आली नाही? उत्तर तिच्यावर ढकलू नये. त्या दोन महिन्यांत ती कुणाच्या घरात, कुणाच्या पैशावर आणि कुणाच्या पहाऱ्यात होती, हे सरेंडरच्या कागदात लिहिलेलं नसतं.

पैसे पहिल्या भेटीत नकोत, कुणाकडूनच. फोटो काढले तर कुणाच्या फोनमध्ये राहणार ते तिथेच ठरवावं; फेसबुकवर टाकलेला एक फोटो वर्षभराची खबरदारी घालवतो. ती डब्यात काहीतरी करून आणते. ते तिथेच, तिच्यासमोर खावं.

रविवार

उलट्या बाजूचं राहिलं. मुलाला शोधण्याचा अर्ज जन्मदातीला करता येत नाही. तो हक्क मुलाचा. पण संस्थेला लिहायला तिला कुणाची बंदी नाही. साध्या कागदावर आपलं तेव्हाचं नाव, आत्ताचं नाव, बाळंतपणाचा महिना आणि साल, ‘मुलानं विचारलं तर मला कळवा’ हे वाक्य, संपर्क कुठल्या वेळी करावा ते, आणि सही किंवा अंगठा. प्रत स्वतःकडे ठेवायची नाही, घरात सापडते. मूल पंधरा वर्षांनी विचारेल, कदाचित विचारणारही नाही. तोवर मोबाइल नंबर दोनदा बदललेला असतो आणि तो संस्थेला कळवायचा राहून जातो.