टॉर्च, वेस्ट आणि साबणाचं पाणी

रेल्वेच्या कोचिंग डेपोत, म्हणजे प्रवासी डब्यांची देखभाल होते तिथे, नव्याने लागलेल्या अप्रेंटिसच्या हातात पहिल्याच दिवशी कुणी मोठा पाना देत नाही. मिळतो एक टॉर्च, खिशात कोंबायला कॉटन वेस्टचा, म्हणजे पुसायच्या सुती धाग्यांचा, बोळा आणि एक सूचना: बघत चल. आयटीआयमधून फिटरचा ट्रेड करून आलेल्या पोराला हे जरा लागतं. फाइल घासून घासून हाताला घट्टे पाडून घेतले, ते काय नुसतं बघत चालायला? पण मुंबईचा वाडी बंदर डेपो असो की पुण्याचा घोरपडी, पिट लाइनवर लागलेल्या गाडीचं निम्मं काम डोळ्यांचंच असतं. उरलेल्यातलं बरंचसं कानांचं.

पिट म्हणजे दोन रुळांच्या मधली काँक्रीटची लांबलचक चर. तीत उभं राहिलं की डब्याचं पोट डोक्यावर येतं. मात्र उतरायची घाई करायची नाही. आधी गाडीला लाल झेंडा लागतो, चाकांना लाकडी गुटके लागतात, मगच माणूस खाली. झेंडा लावायचा राहिला आणि तिकडून इंजिनाने गाडीला हलकासा धक्का दिला, तर बावीस डबे एकदम सरकतात. खालच्या माणसाला तेव्हा ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आता बघायचं काय? बोल्ट ढिला आहे हे पाना न लावताही कळतं. घट्ट बोल्टभोवतीची धूळ सलग बसलेली असते. ढिला बोल्ट चालत्या गाडीत सतत बारीक हलतो, त्या घासण्यातून गंजाची तांबूस भुकटी निघते आणि नटाभोवती कुंकवासारखी पसरते. हादरे शोषणारा डँपर गळत असेल, तर तेलावर धूळ बसून काळा चिकट ओघळ तयार होतो. स्प्रिंग तुटली असेल, तर तुटीची जागा बघायची. चकचकीत असेल तर याच फेरीत तुटली आहे. आतपर्यंत गंजलेली असेल तर जुनी आहे, म्हणजे आधी कुणाच्या तरी टॉर्चमधून निसटली. असल्या जागी वेस्टने पुसून घ्यायचं आणि पुन्हा बघायचं. चीर म्हणून घाबरवणारी रेघ पुष्कळदा पुसल्यावर रंगाचा ओघळ निघते. उलटही होतं.

सगळ्यात जास्त वेळ खातात ब्रेक पॅड. जुन्या आयसीएफ डब्यांत ब्रेक ब्लॉक थेट चाकावर दाबले जात, त्यामुळे ते बाहेरूनही दिसत. नव्या धाटणीच्या एलएचबी डब्यात प्रत्येक ॲक्सलवर दोन डिस्क असतात आणि पॅड त्यांवर दाबले जातात. म्हणजे डब्याला आठ आणि बावीस डब्यांच्या गाडीला १७६. नवा पॅड ३५ मिलिमीटर जाड असतो, ७ वर आला की बाद. एका कॅलिपरमधला (पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा) एक पॅड दुसऱ्यापेक्षा लवकर झिजलेला दिसला, तर नुसता पॅड बदलून भागत नाही. कॅलिपरची पिन अडकते आहे का, ते बघावं लागतं. पॅड बदलण्याआधी त्या बोगीचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीचा, आयसोलेटिंग कॉक (हवा तोडणारी तोटी) बंद करून सिलिंडरमधली हवा सोडायची. बोटं कॅलिपरमध्ये आणि सिलिंडरमध्ये हवा, हे एकत्र नको. पॅड खाचेत सरकवल्यावर खालची पट्टी खट्कन बसली पाहिजे. तो आवाज आला नाही आणि तरीही कुणी पुढच्या डब्याकडे गेलं, तर तो पॅड वाटेत कुठेतरी रुळांत पडतो. हाताने ओढून बघायला दोन सेकंद लागतात.

मग हवा. बीपीत (ब्रेक पाइप) पाच किलो, एफपीत (फीड पाइप) सहा. चौरस सेंटिमीटर म्हणत बसायला डेपोत कुणाला सवड नसते. ब्रेक लागतो तो बीपीतली हवा कमी झाली की. म्हणूनच कपलिंग तुटलं तर गाडी आपोआप थांबते, आणि म्हणूनच गळती जपून मोजतात. मिनिटाला ०.२ किलोपेक्षा जास्त उतरली की शोध सुरू. बहुतेकदा चोर असतो दोन डब्यांमधल्या होजपाइपच्या जोडातला रबरी वॉशर: कडक झालेला, चिरलेला, किंवा वाकडा बसलेला. सगळीकडे सूं सूं चाललेलं असताना नेमका जोड कानाने सापडत नाही, तिथे साबणाचं पाणी लावायचं. फुगा आला, सापडला. जोड सोडण्याआधी मात्र दोन्हीकडचे अँगल कॉक, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या तोट्या, बंद. भरल्या हवेचा होज सुटला तर शेपटी तुडवलेल्या नागासारखा उसळतो आणि त्याचं डोकं लोखंडी असतं.

ओल्या रुळांवर ब्रेक लागताना चाक जाम होऊन घसरलं की एका जागी सपाट होतं. मग वेगाबरोबर वाढणारी ती ठक्ठक् फलाटावरही ऐकू येते. सपाटी ५० मिलिमीटरच्या वर गेली की डबा सिक, म्हणजे दुरुस्तीसाठी बाजूला. हे टाळायला एलएचबीत चाकांच्या वेगावर नजर ठेवणारी यंत्रणा असते; तिच्या पॅनेलवर ९९ दिसलं की सगळं ठीक. शंभरपैकी नव्याण्णव मिळाल्यावर इतकं हायसं वाटणारी जागा दुसरी नसावी.

बायोटॉयलेटबद्दल थोडक्यात: टाकीतले जिवाणू मैला खातात, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि लंगोट खात नाहीत. ते माणसालाच हाताने काढावे लागतात. आणि डब्याचं संडास ॲसिडने चकाचक करणारा त्या जिवाणूंचा काळ असतो.

शेवटी ब्रेक लावून आणि सोडून एक फेरी होते. डब्याच्या बगलेवरच्या छोट्या खिडकीत ब्रेक लागला की लाल, सुटला की हिरवं दिसतं. टोकाच्या डब्यापर्यंत चालत जाऊन प्रत्येक खिडकी बघायची, दोन्ही बाजूंनी. सगळं हिरवं दिसलं की पिटात डोकावून नावं घेत एकेकाला वर बोलवायचं. ज्यांनी लाल झेंडा लावला, तेच तो काढतात.