बाळाची खरूज: तळवे बघा

एमबीबीएसनंतर त्वचारोगाचं एमडी तीन वर्षांचं. त्यात लहान मुलांची खरूज नीट ओळखायला शिकणं फार महत्त्वाचं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आई मराठीत 'खरूज' म्हणते, कन्नडमध्ये 'कज्जी'. दोन्ही शब्द कानाला सवयीचे हवेत.

मोठ्यांत बोटांच्या बेचक्या पाहतात. तान्ह्या बाळात मात्र तळहात, तळपाय, काखा आणि डोकंसुद्धा बघावं लागतं. तळपायावर पाणीदार फोड दिसले की पहिला प्रश्न एकच: घरात रात्री आणखी कुणाला खाज सुटते?

उपचार खरजेचा बारीक किडा मारणारं ५ टक्के परमेथ्रिन क्रीम, दोन महिन्यांवरील बाळांना. मोठ्यांना मानेपासून खाली. बाळांना डोकं, कानामागे, चेहऱ्यालाही, फक्त डोळे-तोंड टाळून. नखांखाली विसरू नका. रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुवायचं, सात दिवसांनी पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. बाळ हात चोखत असेल तर मोजे घाला. मध्येच हात धुतले तर तिथं परत लावा.

फसतं कुठे? फक्त बाळाला लावतात, आजीला नाही. घरातल्या सगळ्यांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री लावायचं. कपडे-चादरी कडक गरम पाण्यात धुवा. वाकळ धुता येत नसेल तर प्लास्टिक पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा. पावसाळ्यात खानापुरात तेच सोपं!

मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम सर्वांत वाईट. खाज दबते, किडा तसाच राहतो आणि पुरळाचं रूपच बदलतं. नीट उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज परमेथ्रिन चोपडू नये.